बाई उभ्या असताना

आई गेल्यावर तिचं वर्गातलं कपाट रिकामं करायला ती शाळेत गेली, तेव्हा मोठ्या बाईंनी तिला आधी चहा दिला आणि चहा संपेपर्यंत इकडचंतिकडचं बोलत राहिल्या. मागच्या नळाची तोटी बदलली. नव्या शिक्षिका पुढच्या सत्रात येणार, तोवर पहिलीचा वर्ग मोठ्या बाईंच्याच गळ्यात. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कडू काही सांगायचं असलं की त्या समोरच्याला चहा पाजतात, असं आई घरी हसून सांगायची. त्यामुळे कपाचा तळ दिसू लागला तसं हिला कळून चुकलं की काहीतरी येतंय.

"सांगू की नको असं झालंय बघ," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. चल जरा वर्गात."

पहिलीचा वर्ग तळमजल्यावर होता. एका भिंतीला खिडक्या, दुसरीला कपाट, मध्ये सतरंजी आणि एक बुटकं लांब टेबल. या खोलीत आईनं उभा जन्म काढला होता. मुलं टेबलाभोवती जमली. मोठ्या बाईंनी उभ्या उभ्याच टेबलावर सात झाकणं ठेवली आणि त्यांच्यासमोर चार बाटल्या.

"झाकणं बाटल्यांपेक्षा कितीनं जास्त?"

मुलांनी झाकणं बाटल्यांना लावली, ओठ हलवत मोजलं आणि एका सुरात उत्तर दिलं, "दोन."

मोठ्या बाईंनी हिच्याकडे पाहिलं. मग पाच झाकणं आणि चार बाटल्या ठेवल्या.

"सारखेच," मुलं म्हणाली.

"आता हे बघ," मोठ्या बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि मोठ्यानं विचारलं, "माझ्याकडे सात झाकणं होती. चार हरवली. राहिली किती?"

"तीन," मुलं म्हणाली. एकाचीही चूक झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मोठ्या बाईंनी हिच्या पाठीवर हात ठेवला. "वजाबाकी येते त्यांना. पण दोन गटांची तुलना करायची म्हटली की प्रत्येक वेळी एक कमी. सगळ्यांचं. तुझ्या आईच्या हातून इतक्या पिढ्या गेल्या, असं कधी झालं नाही. तुलना तर तिचा हातखंडा होता. कुणाकडे काय जास्त हे पोरांना जन्मतःच कळतं, तिथूनच सुरुवात करायची, असं म्हणायची. मी दोष देत नाहीये हं. डोक्यातच दुखणं असलं तर माणूस काय करणार. शेवटी शेवटी तिचं तिलाच कळत नसेल काय शिकवतेय ते."

कपाटातल्या वस्तू तिनं खोक्यात भरल्या. बटणं, रिळं, लाकडी चमचे, शाईच्या जुन्या दौतींची बुचं. घरी नेऊन यांचं काय करायचं, हा प्रश्नच होता.

घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं, आता भाच्याला चालवायला दिलेलं, तरी सवयीनं ते बोलता बोलता समोरच्याच्या चष्म्याची काडी नीट करत. हिच्या चष्म्याची काडी नीट करत ते म्हणाले, "बघ. मी म्हणत नव्हतो? वर्षभर आधीपासून होतं ते. आता तरी तू ते मनावर घेणं सोड."

'ते' म्हणजे एक वाक्य. वार्षिक सुट्टीआधी हिनं फोन केला होता, यंदा चांगली महिनाभर येते म्हणून. आई म्हणाली होती, "येऊ नकोस. मला तू इथे नको आहेस." येताना जास्तीची पिशवी आणू नकोस म्हणावं, इतक्या साध्या आवाजात. हिनं विचारलं, का. आई म्हणाली, "का बिका नाही. मी सांगतेय म्हणून." ही दुखावली आणि आली नाही. त्यानंतरचे फोन हवापाण्याचे झाले. मग एके दिवशी आई शाळेच्या दारात कोसळली आणि ही इस्पितळात पोचली तेव्हा आई बोलण्यापलीकडे गेली होती. म्हणजे आईनं हिला शेवटचं असं काही सांगितलं असेल तर ते हेच.

डोक्यातली गाठ बरीच जुनी असावी, असं डॉक्टर म्हणाले. स्वभावात फरक पडला असेल तर तो त्यामुळेच. बाबांनी ते वाक्य झेललं आणि तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते, "पोरीला नको म्हणाली ते हिची आई नव्हती बोलत. ती गाठ बोलत होती." लोक मान हलवत. हीही हलवत असे. पण ते तिच्या गळी उतरत नव्हतं. आई बोललीच नसेल तर मग आई गप्प झाली तरी कधी? त्याआधीच्या कुठल्या फोनवर आई होती आणि कुठल्या फोनवर गाठ?

"मी थोडे दिवस त्या वर्गावर बसू का, विचारते," ती बाबांना म्हणाली.

"कशाला उगाच?"

"रजा आहेच. आणि मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"ती शिकवताना ठिकाणावर होती की नाही."

बाबांनी काडी सरळ आहे का ते दिव्याकडे धरून पाहिलं आणि चष्मा हिच्या हातात दिला. "आणि असली, तर काय करशील?" ते म्हणाले.

ती पुस्तकांची मुद्रितं तपासायची. छपाईला जाण्याआधी पानन् पान वाचून चुका काढायच्या, हे तिचं काम. या कामात एक गोष्ट अंगी मुरते. चूक एके ठिकाणी असली तर तो हाताचा दोष असतो. तीच चूक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत न चुकता भेटत राहिली, तर कुणीतरी ती तशी ठरवलेली असते. आता या वर्गात कुणी दोन कमी सांगत नव्हतं, कुणी एक जास्त सांगत नव्हतं. डोकं बिघडलेल्या माणसाच्या हातून इतकी सरळ रेघ येते का, एवढाच तिचा प्रश्न होता.

मोठ्या बाईंना फुकटचा हात मिळाला, त्या नाही कशाला म्हणतात. फक्त एवढंच म्हणाल्या, "लिहून ठेव, हात पोळून घेशील. मुलं आहेत ती, मुद्रितं नाहीत."

पहिल्या दिवशी मुलांनी तिला नीट न्याहाळून घेतलं.

"तुम्ही बाईंची मुलगी ना?" वर्गातली एक बडबडी मुलगी म्हणाली. "मग तुम्ही एवढ्या मोठ्या कशा?"

"बाई पण मोठ्याच होत्या, शहाणे," शेजारचा मुलगा म्हणाला. त्याचे पुढचे दोन दात पडले होते आणि बोलताना शिट्टी वाजायची, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. तो स्वतःही स्वतःला तेच म्हणे.

"आम्ही तुम्हाला ताई म्हणणार," बडबडीनं ठरवून टाकलं.

ताईनं खोक्यातली आठ रिळं टेबलावर मांडली आणि तीन चमचे. रिळं कितीनं जास्त, असं विचारलं आणि या वेळी उत्तराकडे न बघता हातांकडे बघत राहिली. मुलांनी प्रत्येक चमच्यापाशी एकेक रीळ लावलं. जोड्या झाल्या. पाच रिळं उरली. मग शिट्टीनं त्या पाचातलं पहिलं रीळ उचललं आणि टेबलाच्या कडेला, ती उभी होती तिथे, तिच्या हाताशी सरकवलं. इतक्या सहज, की काल मोठ्या बाईंच्या शेजारी उभी असताना हे तिच्या नजरेतून निसटलं होतं. उरलेली मोजून मुलं म्हणाली, "चार."

"आणि हे?" तिनं हाताजवळच्या रिळाकडे बोट केलं.

"ते तुमचं," बडबडी म्हणाली.

"माझं कशाला?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठी माणसं कधीकधी अगदी साधं काहीतरी विचारतात, तेव्हा मुलं जसं पाहतात तसं.

"ते उरलेलं नाहीये," शिट्टी म्हणाला. "ते कामावर आहे."

"रीळ कसं कामावर असेल?" मागून एकजण म्हणाला.

"खेळात असतं," बडबडीनं त्याला गप्प केलं. "तुला काय कळतंय, तू तेव्हा आजारी होतास."

"बाई हे कसं शिकवायच्या, मला करून दाखवाल?" तिनं विचारलं.

हे मात्र मुलांना फारच पसंत पडलं. टेबल भिंतीला लोटलं गेलं. बडबडीनं सूत्रं हातात घेतली. बुटाला नाडी असलेले एका ओळीत, नाडी नसलेले दुसऱ्या ओळीत. नाडीवाले पुष्कळ होते. दोन्ही ओळी समोरासमोर आल्या, समोरच्यानं समोरच्याचा हात धरला आणि जोड्या खिडकीकडे निघून गेल्या. नाडीवाल्यांपैकी चौघं जोडीविना राहिले. त्यांच्यात सगळ्यात पुढे शिट्टी होता. आपण पुढे यावं म्हणून त्यानं ओळीत दोघांना ढकललेलं तिनं पाहिलं होतं. तो ऐटीत चालत तिच्याजवळ आला, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला, पाय फाकवले आणि म्हणाला, "हं."

"हं काय?"

"हात ठेवा."

तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असा नाही. भार द्या."

तिनं थोडा भार दिला.

"तुम्ही भारच देत नाही," शिट्टी कुरकुरला. "बाई चांगला द्यायच्या. मी एकदा पण हललो नाही. हा हलला होता."

"मी शिंकलो होतो," ज्याच्यावर आरोप झाला तो म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. हाताखाली ते लहानसं हाड लागत होतं. खिडकीपाशी जोड्या हात धरून वाट बघत होत्या.

"बाई असा हात का ठेवायच्या?" तिनं विचारलं.

"पडू नये म्हणून," बडबडी म्हणाली. "बाईंचे पाय ऐकायचे नाहीत ना. त्या म्हणायच्या, माझे पाय तुमच्यासारखेच आहेत, सांगितलेलं ऐकत नाहीत."

मुलं हसली. हा विनोद त्यांना पाठ होता.

"मग त्या म्हणायच्या," बडबडी पुढे सांगू लागली, आणि आवाज थोडा आईसारखा झाला, म्हणजे शब्द तोडून, घाई न करता, "माझ्या हाताखालचा मोजू नका. त्याला जोडी आहे. तो मला धरून आहे. बाकीचे मोजा."

"आणि बसल्या की?" शिट्टीनं तिला आठवण करून दिली.

"हो. बाई बसल्या की मोजायचा. बसल्यावर त्याला काही काम नसतं, मग तो उरतो."

तिनं मुलांना टेबल पुन्हा मध्ये आणायला सांगितलं. सात झाकणं, चार बाटल्या. बुटकी खुर्ची ओढून ती तिच्यावर बसली.

"झाकणं कितीनं जास्त?"

"तीन."

ती उठून उभी राहिली. "आणि आता?"

"दोन."

पाच झाकणं आणि चार बाटल्या. ती बसली तर एक, उठली तर सारखेच. तिनं नऊ आणि दोन घेतले, सहा आणि सहा घेतले. सहा आणि सहाला तिच्या हाताशी काहीच आलं नाही. शिट्टी तिला समजावू लागला, "सारखे असले की बाई भिंतीला टेकायच्या." मुलांना ती उठाबशी काढतेय याचीच गंमत वाटत होती. ती बसता-उठता विचारत राहिली आणि वर्ग चुकला नाही. एकदाही नाही. इतकं स्वच्छ काम तिच्या टेबलावर वर्षातून एखादं येई.

मधल्या सुट्टीत तिनं मोठ्या बाईंना बोलावून आणलं.

"बसा," ती म्हणाली.

"इथे? या खुर्चीत बसले तर उठवायला माणूस लागेल मला."

"बसा, आणि कालचाच प्रश्न विचारा."

मोठ्या बाई कशाबशा बसल्या, विचारलं आणि उत्तर ऐकून हिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. हिनं सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग बराच वेळ त्यांनी समोरची झाकणं उगाच सरळ रांगेत लावली.

"मी वर्गात डोकावले की ती मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभी असायची," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, किती लळा आहे." मग थोड्या वेळानं, "काय बाई होती. पोरांना कुबड्या केलं आणि वर त्यांना गणितही शिकवलं."

"चुकीचं शिकवलं," ही म्हणाली.

"चुकीचं नाही गं."

"परीक्षेत चुकीचंच आहे ते. मी उद्या सुधारते."

त्या दिवशी ती घरी जाऊन बाबांना काही बोलली नाही. सांगायचं म्हटलं तर वाक्य सोपं होतं, आईचं डोकं ठिकाणावर होतं. पण त्याच्या शेपटीला दुसरं वाक्य बांधलेलं होतं. आई महिनोन् महिने धड उभी राहू शकत नव्हती, हे सहा वर्षांच्या पोरांना ठाऊक होतं आणि एका छताखाली राहणाऱ्या नवऱ्याला नाही. ती स्वयंपाकघरात गेली. आई उभी राहायची तिथे ओट्याच्या कडेचा रंग हात लागून लागून गेला होता. इतके दिवस ते तिला दिसलं होतं आणि दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा ओळी करायला लावल्या. जोड्या खिडकीकडे गेल्या. या वेळी तीन मुलं राहिली. सगळ्यात पुढे बडबडी होती. ती येऊन पाठ करून उभी राहिली. ताईनं हात ठेवला नाही.

"ठेवा ना," बडबडी मागे न बघता म्हणाली.

"मला नाही लागत," ती म्हणाली. "माझे पाय ऐकतात. बघ." ती एका पायावर उभी राहिली. थोडी डुलली, पण राहिली. "बाईंना लागायचं. मला नाही. मोठ्या बाईंना नाही. ज्या नव्या बाई येतील त्यांनाही नाही. म्हणजे आता इथून पुढे आम्ही बसलो काय आणि उभ्या राहिलो काय, सगळे मोजायचे."

"मग मी काय करू?" बडबडीचा चेहरा पडला होता.

"त्या दोघांजवळ जाऊन उभी राहा."

"म्हणजे मी उरू?"

"हो."

बडबडी जागची हलली नाही. तिला तिथून उचलून दोन पावलं पलीकडे ठेवायचं, एवढंच शिकवायचं होतं, आणि तेच जड जात होतं. शिट्टीनं खिडकीजवळून हाक मारली, "बाई परत आल्या तर?"

मुलांना काय सांगितलं गेलं होतं, हे तिनं विचारलं नव्हतं. आता विचारण्यात अर्थ नव्हता.

"बाई येणार नाहीत," ती म्हणाली. "त्या वारल्या. मी त्यांची मुलगी आहे, मला माहीत आहे."

मग बडबडी दोन पावलं चालून त्या दोघांपाशी गेली आणि हात पाठीमागे बांधून उभी राहिली.

"तीन," ती स्वतःच म्हणाली. बाकीच्यांनी तिच्यामागून म्हटलं.

संध्याकाळी बाबा जेवणाची ताटं घेत होते. तिनं त्यांच्या हातातली ताटं घेऊन खाली ठेवली आणि त्यांना बसायला सांगितलं. मग काही न गाळता सगळं सांगितलं, खांद्यावरचा हात, भार, बसल्यावर तीन आणि उठल्यावर दोन. ओट्याच्या कडेचंही सांगितलं.

बाबा ऐकत होते. मध्ये एकदा म्हणाले, "मला वाटायचं पुसतेय ओटा."

"आधार घ्यायचाच तर घरात मी होतो की," ते शेवटी म्हणाले.

"तुम्ही विचारलं असतं, काय होतंय. डॉक्टरकडे नेलं असतं. त्या पोरांनी काही विचारलं नाही. उद्या माझी पाळी का, एवढंच विचारायची."

"म्हणून तुलाही नको म्हणाली."

"मी आले असते तर पहिल्याच दिवशी मला दिसलं असतं."

"दिसलं असतं तर?"

"शाळा सोडायला लावली असती."

बाबांनी मान हलवली. त्यांनी चष्मा काढला, काच पुसली, परत लावला. "म्हणजे गाठ नव्हती बोलत," ते म्हणाले. गाठीचं ते वाक्य आपण किती लोकांना ऐकवलं, हे बहुधा ते मनातल्या मनात मोजत होते.

"नाही. आईच बोलत होती. विचार करून बोलली."

"तुला ते जास्त बरं वाटतंय?"

तिनं विचार केला. गाठीशी भांडता येत नव्हतं. गाठीला विचारता येत नव्हतं की तू कोण ठरवणार, मी काय बघावं आणि काय बघू नये. गाठीची फक्त कीव करायची होती, आणि मान हलवायची होती.

"बरं नाही वाटत," ती म्हणाली. "राग येतोय."

"माझ्यावर?"

"तुमच्यावर कशाला? तिच्यावर."

"मलाही येतोय," बाबा म्हणाले, आणि पुढे बरंच काही बोलले. इतक्या वर्षांत आईच्या तोंडावर एकदाही बोलले नसतील असं. तिचा हट्टीपणा, तिचं मनातलं मनात ठेवणं, दुखलं खुपलं तरी 'काही नाही' म्हणून पाठ फिरवणं. तीही बोलली. मध्येच दोघं एकदम बोलायला लागले आणि दोघंही थांबले नाहीत. ताटं तशीच खाली पडून होती, जेवण गार होत होतं, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात आईशी कुणीतरी भांडत होतं.